हाव एकाची, भूक दुसऱ्याची

हस्तर कोणत्या पुराणातला, असं ‘तुंबाड’ पाहून उठलेल्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच. कोणत्याच पुराणातला नाही. २०१८ साली आलेल्या त्या चित्रपटासाठी हा देव रचला गेला, आणि इतका बेमालूम रचला गेला की आजीच्या तोंडून ऐकल्यासारखा वाटतो. समृद्धीच्या देवीचा हा थोरला. सोनं आणि धान्य, दोन्ही आईचंच. याला दोन्ही एकट्याला हवं झालं. सोनं त्याने लाटलं. धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने मध्ये पडून वाचवलं, पण अट घातली की तुझी पूजा कुणी करणार नाही, तुझं नावही मागे उरणार नाही. तेव्हापासून तो तिच्या गर्भात पडून आहे. लंगोटीत सोन्याच्या मुद्रा आणि पोटात आग.

त्या मुद्रा हव्या असतील तर कणकेची बाहुली घेऊन विहिरीतून खाली, त्या गर्भात उतरायचं. चित्रपटाचा नायक विनायक दोरावरून उतरतो, त्या लालभडक, ओलसर पोकळीत स्वतःभोवती पिठाचं रिंगण आखतो आणि बाहुली बाहेर काढतो. पोळ्या लाटताना उरलेल्या उंड्याची पोरांसाठी चिमणी करावी, तशी ओबडधोबड बाहुली. हस्तर तिच्यावर झडप घालतो. ते दोन घास संपायच्या आत लंगोटीला हिसडे देऊन पडतील तेवढ्या मुद्रा गोळा करायच्या आणि दोर पकडायचा. पडद्यावरच्या भयकथेत याच्या तोडीचं दृश्य मला चटकन आठवत नाही.

पण त्या गर्भात कोण कोण आहे ते बघा. एक उपाशी आहे, एक हावरा आहे. उपाशी आहे तो देव, आणि हावरा आहे तो पुण्याहून आलेला माणूस, ज्याचं पोट भरलेलं आहे. दृश्य इतकं स्वच्छ सांगतं. दंतकथा मात्र वेगळंच सांगते: हस्तर उपाशी आहे, कारण तो हावरा होता. भूक म्हणजे हावेची शिक्षा, हावेचीच उरलेली बाजू. गंमत अशी की हा चित्रपट सुरू होतो तो गांधीजींच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वाक्याने, ज्यात माणसाची गरज आणि माणसाची हाव यांच्यात ठसठशीत रेघ ओढलेली आहे. पुढच्या काही मिनिटांत दंतकथा तीच रेघ पुसून टाकते.

माझा वाद या पुसण्याशी आहे. हाव आणि भूक यांचा एकच देव करणं ही कल्पित विश्वं रचणाऱ्यांची आवडती युक्ती आहे. ती दिसायला खोल वाटते, पण मुळात खोटी आहे. आणि हा निव्वळ कथाकारांचा घरगुती मामला नाही. भुकेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने बघायचं, हे आपण कायद्यातून कमी आणि गोष्टींतून जास्त शिकतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ घ्या. १९७४ पासून चालू आहे, आणि आता पुण्या-मुंबईतल्या पोरांच्या टोळ्याही शनिवारी रात्री फासे घेऊन बसतात. त्यात येनोघू नावाचा तरसाच्या तोंडाचा दैत्यराज आहे. त्याने पाडलेल्या शिकारीचं उरलंसुरलं खाऊन तरसांचं रूपांतर झालं आणि नोल नावाची जमात निर्माण झाली. या जमातीला शेती नाही, बाजार नाही, म्हातारी माणसं नाहीत, पाळणे नाहीत. भूक आहे, आणि ती भूक हाच त्यांचा धर्म. २०१४ च्या आवृत्तीत नोलांची गणना निदान मनुष्यसदृश जीवांत होत होती. मधल्या काळात टीका झाली की अख्खी जमात जन्मतः दुष्ट दाखवणं हे जुन्या वंशवादाचंच सोंग आहे. २०२० मध्ये प्रकाशकांनी सुधारणा करायचं जाहीर केलं. ऑर्क ही तशीच एक बदनाम जमात. ते माणसांच्या पंगतीत आले, आता खेळाडूला ऑर्क होऊन खेळता येतं. आणि नोल? २०२५ च्या राक्षस-संग्रहात नोलांना सरळ सैतानांच्या वर्गात टाकलं. म्हणजे भुकेली टोळी कापून काढताना मनाला लागायला नको असेल, तर तिला माणसांतूनच वगळायचं. तोडगा म्हणून चोख आहे.

यावर कुणी म्हणेल, ही जोडी काही खेळवाल्यांनी शोधलेली नाही. खरं आहे. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली एरिसिक्थॉनची ग्रीक कथा आहे: धान्यदेवीची पवित्र राई त्याने तोडली, देवीने त्याच्या अंगात भूक सोडली, त्याने सगळं विकून खाल्लं, पोटची मुलगी विकली, शेवटी स्वतःचेच लचके तोडले. बौद्धांच्या प्रेतयोनीतले जीव आहेत, पोट रांजणाएवढं आणि गळा सुईच्या नेढ्याएवढा. मागच्या जन्मीचा कंजूषपणा हे त्याचं कारण. या कथा ऐकणाऱ्या धनवानाला घाबरवायला रचलेल्या आहेत आणि त्या कामाला त्या उत्तम आहेत. पण त्या उलट्या दिशेनेही वाचता येतात, आणि वाचल्या जातात. हावऱ्याला भूक लागते, मग जो भुकेला दिसतो तो कधीतरी हावरा असलाच पाहिजे. या जन्मी नसेल तर मागच्या जन्मी. हस्तरच्या कथेच्या पोटात हाच निष्कर्ष दडलेला आहे.

उत्तर अमेरिकेतल्या क्री आणि ओजिब्वे लोकांचा विंडिगो मात्र मला विचार करायला लावतो, कारण तिथे ही जोडी खरी वाटते. तो हिवाळ्याचा, उपासमारीचा राक्षस. माणसं खातो, आणि जेवढं खातो तेवढा वाढतो, म्हणून पोट कायम रिकामंच. भूक आणि हाव एकाच देहात. पण तो कोणत्या समाजातून आला ते पाहावं. बर्फाने चहूबाजूंनी कोंडलेली छोटी वस्ती, सगळ्यांच्या वाट्याला तीच शिकार, तोच तुटवडा. अशा ठिकाणी एकाने स्वतःपुरतं जास्त खाणं म्हणजे जवळपास शेजाऱ्याला खाणंच. तिथे भुकेला आणि हावरा यांच्यात एका रात्रीचं अंतर असतं, आणि विंडिगो त्या रात्रीची भीती आहे. हॉलिवूडने त्याला शिंगं चिकटवली, रानात एकटं सोडलं, आणि वस्ती काढून टाकली. तोच राक्षस उचलून तुम्ही राजे, कोठारं, सावकार आणि बंदरं असलेल्या कल्पित राज्यात नेऊन बसवलात की तो खोटं बोलायला लागतो. कारण तिथे हाव एका घरात राहते आणि भूक दुसऱ्या.

आपल्याकडे हे फार जवळून पाहिलेलं आहे. ‘तुंबाड’ची गोष्ट १९१८ पासून सुरू होते, न थांबणाऱ्या पावसात. पाऊस हा देवांचा कोप, अशी तिथली कल्पना. प्रत्यक्षातलं १९१८ उलटं होतं. त्या वर्षी पावसाने दगा दिला, मुंबई इलाख्यात दुष्काळ पडला आणि त्यातच इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरंच्या घरं रिकामी झाली. चित्रपटाने काळ निवडला आणि काळाची भूक बाहेर ठेवली. कथाकाराला तेवढी मुभा असते, मी त्यावरून भांडणार नाही. पण विनायक लहानपणी गरीब का होता, त्याच्या आईला एका मुद्रेच्या आशेवर वाड्याच्या म्हाताऱ्या मालकाची, ‘सरकार’ची, चाकरी का करावी लागली, याचं उत्तर वाड्याच्या मालकीत आहे. चित्रपट ते दाखवतो आणि पुढे जातो, कारण त्याला विहिरीकडे जायची घाई आहे.

त्याच्या आधीचा १८७६ ते ७८ चा दुष्काळ तर या विषयाचा धडाच आहे. सर रिचर्ड टेंपल नावाचे अधिकारी होते. १८७४ साली बिहार-बंगालच्या टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोकांना जगवलं होतं. मेले ते फार थोडे. त्याबद्दल त्यांना मिळाला तो उधळपट्टीचा ठपका: इतका खर्च कशाला केला? तीन वर्षांनी दख्खन होरपळत असताना व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच पाहणीला पाठवलं, आणि या वेळी टेंपलसाहेबांनी चूक केली नाही. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. त्यावर उन्हात खडी फोडायची. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश हे शास्त्राच्या आधारे ओरडून सांगत होते की एवढ्यावर कष्ट करणारं शरीर टिकत नाही.

हा दर खाली आणण्यामागचा विचार काय होता? तिजोरी वाचवायची, हे होतंच. पण त्याला नैतिक मुलामा होता. ज्यांची खरी गरज नाही असेही लोक कामावर गर्दी करतात, आयतं मिळालं की हात पसरतात, म्हणून कष्ट इतके कडक आणि अन्न इतकं मोजकं असावं की अगदी टेकीला आलेलाच दारात येईल. थोडक्यात, उपाशी माणूस हावरा असतो, असं गृहीत धरून सरकारी तराजू लावला गेला. त्याच वेळी आगगाड्या धान्य भाव चढलेल्या बाजारांकडे ओढून नेत होत्या आणि बंदरातून गहू बोटीवर चढत होता. त्याला हाव म्हणायची रीत नव्हती. तो व्यापार होता. मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये मांडलं तेही याच रस्त्याने जातं: धान्य नव्हतं म्हणून माणसं मेली असं म्हणता येत नाही, धान्य विकत घेण्याची ऐपत त्यांच्या हातून गेली होती. आणि १९७२ साली महाराष्ट्रात पीक बुडूनही माणसं त्या प्रमाणात मेली नाहीत, कारण लाखो लोकांना काम दिलं गेलं, सुकडी वाटली गेली. खडी तिथेही फोडावी लागली, हे विसरू नये. पण वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली तेव्हा काम मागणं हा हक्क ठरला. मागणारा हावरा आहे का, ही तपासणी त्या कायद्याने कागदावर तरी बंद केली.

आता मनोविश्लेषणवाल्यांचा आक्षेप. ते म्हणतात, देव हे रूपक आहे. लोभ म्हणजे मनाची भूक, ती कधी भागत नाही, म्हणून हस्तरचं पोट. दिसायला बिनतोड आहे. पण हे रूपक सुचतं ते जेवून उठलेल्याला. खऱ्या भुकेचा तर गुण असा की ती भागते. दोन भाकऱ्या, वाटीभर पिठलं, आणि माणूस शांत झोपतो. लोभ भागत नाही हीच तर दोघांतली मुख्य फारकत. आपल्या जुन्या लोकांना ती माहीत होती. षड्रिपूंत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आहेत, भूक नाही. ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांतही धनलोभ वेगळा मोजला आहे आणि खादाडपणा वेगळा, आणि साधी भूक दोन्हीत धरलेली नाही. शत्रूंच्या यादीत भुकेला बसवण्याचं काम कल्पित देवकुळांनी आता केलं.

आणि पर्याय नाहीत असं थोडंच आहे? यादवकालीन देवळात आत जाताना उंबऱ्याकडे बघावं. तिथे एक तोंड कोरलेलं असतं: वटारलेले डोळे, फुगलेले गाल, खालचा जबडा नाही, धडाचा पत्ता नाही. ते कीर्तिमुख. शिवपुराणातली त्याची गोष्ट अशी की जालंधर नावाच्या असुराला पार्वती हवी झाली आणि त्याने राहूला निरोप्या म्हणून शंकराकडे धाडलं. शंकराच्या भुवयांमधून एक हाडकुळा, भुकेला प्राणी निघाला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला, शंकराने त्याला सोडलं. मग तो प्राणी म्हणाला, मला भूक लागली आहे, मी काय खाऊ? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि फक्त तोंड उरेपर्यंत खाल्लं. शंकर प्रसन्न झाले, त्याला दारात बसवलं आणि सांगितलं की याला न पूजता पुढे येईल त्याला माझी कृपा नाही.

कथा क्रूर आहे. मालकाने नोकराला भूक दिली, मग काम संपल्यावर स्वतःलाच खा म्हणून सांगितलं, आणि वर मानपत्र दिलं, असंही ती वाचता येते. मी तशीच वाचतो. पण हिशेब बघा. हाव जालंधराची, भूक त्या नाव नसलेल्या प्राण्याची. कुणाचं ओझं कुणाच्या माथी मारलेलं नाही. भुकेला पापी ठरवलेलं नाही. पुजाऱ्यापासून राजापर्यंत सगळ्यांनी तिच्यापुढे आधी वाकायचं आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी ही विभागणी उंबऱ्यावर कोरून ठेवली, आणि आपण त्यावरून पाय टाकून आत जातो.

आधुनिक कल्पनाविश्वातही जिथे ही फारकत केली जाते, तिथे गोष्ट अधिक खोल जाते. टॉल्किनच्या पुराणविश्वात उंगोलियंट ही कोळिणीच्या रूपातली भूक आहे. प्रकाश देणारी दोन झाडं शोषून, रत्नं गिळूनही ती मागतच राहते. तिच्यासमोर उभा असलेला, तिला सोबत घेऊन आलेला दुष्ट देव मेलकोर मात्र भुकेला नाही. त्याला चोरलेल्यांपैकी तीन खास रत्नं मुठीत ठेवायची आहेत, नुसती ठेवायची. त्याने तिला कबूल केलेलं असतं की दोन्ही हातांनी देईन, आणि वेळ आल्यावर एक हात मिटलेला राहतो. भूक आणि हाव समोरासमोर उभी केल्यामुळे त्या भांडणाला धार येते. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या चित्रपटातला मुखवटेवाला तर सोनं वाटत सुटतो आणि खात सुटतो. सोन्यामागे धावतात ते स्नानगृहातले नोकर, आणि सोनं मागत नाही ती एकटी मुलगी त्याला बरं करते. तो खातो ते एकटेपणापायी. त्याला हावरा म्हणणं म्हणजे चित्रपट झोपेत पाहणं.

‘ही सगळी करमणूक आहे, इतकं काय मनावर घ्यायचं,’ हा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. रेशनच्या दुकानासमोरची रांग बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. रांगेत विटा वाहून बोटांच्या रेषा गेलेली बाई यंत्रावर अंगठा टेकवते, यंत्र ओळखत नाही, ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते. मागे कुणी तरी म्हणतंच, फुकटचं खाऊन लोक आळशी झालेत. पाच किलोचे दिवसाला एकशेसाठ-सत्तर ग्रॅम होतात. टेंपलसाहेबांच्या एक पौंडाशी याची थेट तुलना करू नये, ते वरच्या आण्यासह दिवसभराचं अख्खं वेतन होतं आणि हा घरखर्चाला आधार आहे. तरी एकशेसाठ ग्रॅमवर माणूस आळशी होतो हे गणित मला कुणी तरी मांडून दाखवावं. घेणारा हावरा आहे असा वास त्या वाक्याला येतो, आणि तो वास कुठून आला याचा शोध घेताना मला हस्तर आणि नोल वाटेत भेटतात. त्यांनी हा पूर्वग्रह जन्माला घातला नाही. त्याला देव मात्र मिळवून दिला.

म्हणून मराठीत आता जी मंडळी ऑडिओ कथा, कादंबऱ्या, खेळांची विश्वं लिहीत आहेत आणि ज्यांच्या प्रत्येक तिसऱ्या कथेत हस्तरचा चुलतभाऊ भेटतो, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. हावेचा देव जरूर रचा, पण त्याला पोट देऊ नका. त्याला कोठार द्या, मापं द्या, माप धरणारे कारकून द्या. धान्य ओसंडतंय आणि तो एक दाणाही खात नाही, असा रचा. भुकेची देवता त्याच्यापासून लांब, वेगळ्या गावात बसवा, तिचे भक्त वेगळे, तिची गाणी वेगळी. मग या दोघांची गाठ घालून द्या आणि काय होतं ते लिहा.

नमुना हवा असेल तर १८७७ मध्येच आहे. टेंपलच्या मापाने मजुरी देऊ लागल्यावर मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरचे हजारो मजूर काम टाकून उठले. उपाशी होते, आणि अपुरं धान्य नाकारून निघून गेले. गणेश वासुदेव जोशींच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे ठेवली. कल्पित विश्वांतल्या भुकेल्या टोळ्या गावं जाळतात, माणसं फाडतात, आपल्या दैत्यराजाच्या नावाने किंचाळतात. नोलांनी संप केल्याचं मात्र अजून कुठल्याही खेळात माझ्या पाहण्यात आलेलं नाही.